एअरबॅगचा रिकॉल ‘झाला’ म्हणतात, तरी मेसेज परत येतो: कुठे अडतं आणि कसं सोडवायचं

जुनी होंडा सिटी, जॅझ, सिव्हिक किंवा कोरोला अल्टिस वापरणाऱ्यांकडून त्याच त्या तक्रारी ऐकू येतात. ताकाता या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅग फुकट बदलून देण्यासाठी कंपन्यांनी या गाड्या परत बोलावल्या, त्यालाच रिकॉल म्हणतात. “सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो तुमचा रिकॉल झालाय, आणि कंपनीचा मेसेज परत आला.” “चॅसी नंबर टाकला तर काहीच दाखवत नाही, मित्राच्या त्याच वर्षाच्या गाडीला मात्र दाखवतंय.” “डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागत नाही, मग जायचं कशाला?” आणि हे तर हमखास: “एवढी वर्षं काही झालं नाही, आता काय होणार?”

आधी या शेवटच्या वाक्याकडे बघू. ताकाता एअरबॅगचा बिघाड गाडी नवी असताना सहसा होत नाही. वर्षं उलटतात तसा धोका वाढतो. पंधरा वर्षं काही झालं नाही, याचा इथे दिलासा मानायचा नसतो, उलट आता जास्त घाई करायची असते.

बिघाड नेमका कशात आहे

एअरबॅगच्या पिशवीमागे धातूची एक डबी असते, तिला इन्फ्लेटर म्हणतात. धडक बसली की सेन्सरकडून इशारा येतो, डबीतल्या रासायनिक गोळ्या पेटतात, वायू तयार होतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पिशवी फुगते. ताकाताने या गोळ्यांसाठी अमोनियम नायट्रेट वापरलं. ते स्वस्त पडतं, पण लहरी आहे. साधारण ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास त्याच्या स्फटिकांची रचना बदलते आणि आकारमानही थोडं बदलतं. हे होऊ नये म्हणून त्यात दुसरं रसायन मिसळून ते ‘स्थिर’ केलेलं होतं. तरी वर्षानुवर्षं दमट हवेतलं बाष्प आत शिरत राहिलं आणि गाडी रोज उन्हात तापून रात्री गार होत राहिली, की गोळ्या भुसभुशीत होतात. अशी गोळी हवी त्यापेक्षा फार वेगाने जळते, आतला दाब डबीला पेलवत नाही आणि डबीच फुटते. पिशवीबरोबर धातूचे तुकडे थेट चेहऱ्याकडे, मानेकडे, छातीकडे येतात. माणूस धडकेतून वाचतो आणि एअरबॅगमुळे जातो.

एकट्या अमेरिकेत या कारणासाठी सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅग परत बोलावल्या गेल्या, जगभरात १० कोटींहून जास्त. वाहन उद्योगाच्या इतिहासात एवढा मोठा रिकॉल झालेला नाही. जानेवारी २०१७ मध्ये ताकाताने अमेरिकेत फसवणुकीचा गुन्हा कबूल केला, एकूण १ अब्ज डॉलर भरायचं मान्य केलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याने रिकॉलचा क्रम लावताना हवामान पाहिलं. फ्लोरिडा, हवाई, मेक्सिकोच्या आखाताचा किनारा अशा उष्ण-दमट भागातल्या गाड्या आधी घेतल्या, थंड आणि कोरड्या राज्यांतल्या नंतर. वसई, पनवेल, रत्नागिरी, मालवण, पणजी इथली हवा यातल्या कोणत्या गटात बसेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. अमेरिकेबाहेरचा या दोषामुळे झालेला पहिला मृत्यूही आपल्यासारख्याच हवेत झाला. २०१४ मध्ये मलेशियातल्या सारावाकमध्ये, २००३ च्या होंडा सिटीत, कमी वेगाच्या धडकेत एका गरोदर महिलेचा जीव गेला.

म्हणून कोकणपट्टीतली गाडी असेल, किंवा आयुष्यभर इमारतीच्या आवारात उघड्यावर उभी राहिलेली असेल, तर तिला यादीत वर ठेवा. सोलापूरच्या कोरड्या हवेतली गाडी सुटली असं नाही. रिकॉल तिलाही तितकाच लागू आहे.

‘झाला’ म्हणजे कोणत्या बाजूचा?

मेसेज परत येण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. गाडीत समोर दोन एअरबॅग असतात, एक स्टीअरिंगमध्ये आणि एक डाव्या सीटसमोर डॅशबोर्डमध्ये. त्यांचे इन्फ्लेटर वेगळे, बनावट वेगळी, आणि रिकॉलही वेगळ्या वेळी निघतात. भारतातल्या होंडाचंच बघा. सप्टेंबर २०१५ मध्ये २,२३,५७८ गाड्या, जुलै २०१६ मध्ये १,९०,५७८, जानेवारी २०१७ मध्ये २०१२ साली बनलेल्या ४१,५८०, जानेवारी २०१८ मध्ये २०१३ साली बनलेल्या २२,८३४. पहिल्या दोन खेपांत मॉडेलं तीच आणि वर्षंही बरीचशी तीच. म्हणजे एकाच सिटीला दोनदा बोलावणं येऊ शकतं आणि दोन्ही बोलावणी खरी असू शकतात. टोयोटानेही २०१७ मध्ये सुमारे २३ हजार कोरोला अल्टिस याच कामासाठी बोलावल्या.

सर्व्हिस ॲडव्हायझर कॉम्प्युटरवर बघून “झालाय सर” म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत असतो असं नाही. त्याच्या स्क्रीनवर एक मोहीम, म्हणजे एका बाजूचा रिकॉल, बंद झालेली दिसते, दुसरी उघडी आहे का हे त्याने पाहिलेलंच नसतं. म्हणून “रिकॉल झाला का?” हा प्रश्नच चुकीचा. विचारायचं असं: “ड्रायव्हर साइडचा इन्फ्लेटर कधी बदलला, पॅसेंजर साइडचा कधी बदलला, आणि दोन्हींचे जॉब कार्ड नंबर काय?” उत्तर तोंडी घेऊ नका. चॅसी नंबरवरची सर्व्हिस हिस्टरी छापून द्यायला सांगा. देत नसतील तर समोरच्या स्क्रीनचा फोटो काढू का असं विचारा. बहुतेक ठिकाणी एवढं विचारल्यावर प्रिंट निघते.

दुसरं कारण अमेरिकेतल्या गाड्यांना जास्त लागू आहे, पण तिथल्या नातेवाइकांसाठी सांगून ठेवतो. सुरुवातीच्या काळात नवे पार्ट पुरेनात, म्हणून काही गाड्यांत ताकाताचाच त्याच जातीचा, फक्त नवा इन्फ्लेटर तात्पुरता बसवला होता. जुन्यापेक्षा तो बरा, पण वय झालं की तोही त्याच वाटेने जाणार, म्हणून त्या गाड्या पुन्हा बोलावल्या. शिवाय २०१९ मध्ये होंडाने अमेरिकेत सुमारे ११ लाख अशा गाड्या बोलावल्या, ज्यांत आधीच्या रिकॉलमध्ये बसवलेला इन्फ्लेटरच सदोष निघाला होता. तेव्हा “आमचं तर कधीच झालंय” म्हणणाऱ्या तिथल्या माणसालाही पुन्हा तपासायला सांगायला हरकत नाही.

तिसरं कारण साधं आहे. काम झालं पण सिस्टीममध्ये ‘पूर्ण’ म्हणून चढलंच नाही. तुमच्याकडे जॉब कार्ड असेल तर कंपनीच्या कस्टमर केअरला त्याचा फोटो पाठवा, मोहीम बंद होते. जॉब कार्ड नसेल तर काम झालेलं नाही असंच धरून चाला.

चॅसी नंबर टाकला, काहीच येत नाही

रिकॉलची तपासणी गाडीच्या नंबरप्लेटवर होत नाही, १७ अक्षरी चॅसी नंबरवर होते. त्यालाच व्हीआयएन म्हणतात. भारतात बनलेल्या होंडाचा नंबर ‘एमएके’ने सुरू होतो. आयात केलेल्या सीआर-व्हीसारख्या गाडीची सुरुवातीची अक्षरं वेगळी असू शकतात. कंपनीच्या भारतातल्या वेबसाइटवर रिकॉल तपासायचं पान असतं, तिथे हा नंबर टाकायचा.

इथे घोळ होतो तो टायपिंगचा. व्हीआयएनमध्ये इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं वापरतच नाहीत, नेमकी एक आणि शून्य या आकड्यांशी गल्लत होऊ नये म्हणून. त्यामुळे तुम्हाला ‘ओ’ दिसत असेल तर ते शून्य आहे आणि ‘आय’ दिसत असेल तर तो एकचा आकडा आहे, डोळे मिटून तसंच टाका. राहिली आठ आणि बी, पाच आणि एस, दोन आणि झेड ही जोडपी. पुसट झालेल्या आरसीवर ती खरंच ओळखू येत नाहीत. अशा वेळी गाडीवरचा नंबर बघा. तो बॉडीवर ठोकलेला असतो. जागा मॉडेलप्रमाणे बदलते: बॉनेट उघडल्यावर मागच्या पत्र्यावर, पुढच्या सीटपाशी मॅटखाली, किंवा दाराच्या खांबावरच्या पट्टीवर. मालकाच्या मॅन्युअलमध्ये चित्र असतं. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून फोटो काढलात तर ठोकलेली अक्षरं सावलीमुळे उठून दिसतात. सरळ उजेडात सगळं सपाट दिसतं.

परिवहन खात्याच्या साइटवर नंबरप्लेट टाकून शोधलं तर चॅसी नंबराचे काही आकडे झाकलेले येतात, त्यामुळे तिथून नंबर उचलता येणार नाही. स्वतःच्या आरसीवर किंवा डिजिलॉकरमध्ये पूर्ण नंबर मिळतो. जुन्या कागदी आरसी बुकात कारकुनाच्या हातून एखादं अक्षर गळालेलं असू शकतं. मोजून बघा, १७ भरतात का. सोळा भरले तर वेबसाइटला दोष देऊ नका.

नंबर बरोबर आहे आणि तरी ‘लागू नाही’ येतंय? मग एक फोन कस्टमर केअरला करा आणि एकदा ईमेलने लेखी विचारा. तुमची गाडी त्या खेपेत नसेलही. एकाच वर्षातल्या सगळ्या गाड्यांत एकाच कारखान्याचा इन्फ्लेटर बसत नाही, म्हणून मित्राच्या गाडीला लागू आणि तुमच्या गाडीला नाही, हे शक्य आहे.

वेबसाइट ‘नाही’ म्हणते, पण गाडी सेकंडहँड आहे

या भागावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण यात फसायला होतं आणि याकडे कोणाचं लक्ष नसतं.

चॅसी नंबर सांगतो की कारखान्यातून निघताना गाडीत काय होतं. आज तिच्या स्टीअरिंगमध्ये काय आहे हे तो सांगत नाही. गाडीला मधे कधी जोरात अपघात झाला असेल, एअरबॅग फुटल्या असतील, तर नवीन मॉड्यूलचा (पिशवी आणि इन्फ्लेटरचा जोडलेला संच) खर्च बघून मालकाचे डोळे पांढरे होतात. मग कोणीतरी सुचवतो, कुर्ल्याच्या भंगार बाजारात मिळेल, नाना पेठेत ओळखीचा आहे. भंगारात काढलेल्या दुसऱ्या गाडीची एअरबॅग येते आणि बसते. ती गाडी रिकॉलमधली होती की नाही, हे कोणत्याच रेकॉर्डवर नाही. तुमच्या चॅसी नंबरसमोर मात्र ‘लागू नाही’ किंवा ‘काम पूर्ण’ असं छान हिरवं उत्तर येतं.

कसं ओळखायचं? अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मॉड्यूल उतरवून लेबल बघणं हाच खात्रीचा मार्ग. मॉड्यूलवर आणि इन्फ्लेटरवर बारकोड आणि सिरीयल नंबर असतो, तो कंपनीकडे पडताळता येतो. हे काम गल्लीतल्या गॅरेजमध्ये करायचं नाही. उतरवण्याआधी काही खुणा बाहेरूनही दिसतात. स्टीअरिंगच्या मधल्या झाकणाचा रंग बाकीच्या प्लास्टिकपेक्षा वेगळा, लोगोभोवतीची फट एकीकडे रुंद आणि एकीकडे अरुंद, डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणाची रेघ गायब आणि तिथे नवं कव्हर किंवा शिवलेलं रेक्झिन. पुढच्या दोन्ही सीटबेल्टवरची लेबलं बघा, त्यावर बनवल्याचं वर्ष असतं. गाडी २०१० ची आणि बेल्ट २०१४ चा असेल तर मधे काहीतरी घडलेलं आहे. विमा कंपनीकडून जुन्या क्लेमची माहिती काढा.

दुसरी अडचण मेसेजचीच. रिकॉलचं पत्र आणि एसएमएस जातो तो कंपनीच्या रेकॉर्डवरच्या मालकाला. आरसी तुमच्या नावावर झाली तरी कंपनीला ते आपोआप कळत नाही. पहिला मालक डोंबिवलीतून केव्हाच बंगळुरूला गेला, त्याने नंबर बदलला, आणि पत्रं त्याच्या जुन्या सोसायटीच्या टपालपेटीत पडून राहिली. म्हणून गाडी घेतल्यावर कस्टमर केअरला चॅसी नंबर, आरसीचा फोटो, नवं नाव आणि मोबाइल नंबर पाठवून मालकाची नोंद बदलून घ्या. याला पैसे पडत नाहीत.

आणि हो, रिकॉलच्या कामाला एक रुपयाही लागत नाही. पार्ट फुकट, मजुरीही फुकट, पहिला मालक असो की चौथा. “रिकॉल शुल्क भरा”, “ओटीपी सांगा”, “लिंकवर कार्डाचे तपशील द्या” असं कोणी म्हणालं तर तो चोर आहे. फोन ठेवा आणि कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर स्वतः फिरवा.

दिवा लागत नाही म्हणजे ठीक आहे का?

नाही. एसआरएसचा, म्हणजे एअरबॅग यंत्रणेचा दिवा वायरिंग, सेन्सर, कनेक्टर आणि कंट्रोल युनिट तपासतो. डबीतली गोळी भुसभुशीत झाली आहे का, हे त्याला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. सर्किट शाबूत असतं, म्हणून दिवा गप्प असतो.

उलटंही तितकंच खरं. दिवा सतत लागलेला असेल तर तो बहुधा वेगळा बिघाड आहे. सीटखालचा पिवळा कनेक्टर सैल होणं, स्टीअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग (एअरबॅगला जोडणारी गुंडाळलेली वायरची पट्टी) तुटणं, बॅटरी उतरणं. तो दुरुस्त करायलाच हवा, नाहीतर धडकेत एअरबॅग उघडेलच असं नाही. पण तो रिकॉलमध्ये फुकट होईल अशी आशा धरू नका. दोन्ही कामं वेगळी सांगा, वेगळी लिहून घ्या.

एक तपासणी घरीच करा. चावी ‘ऑन’वर फिरवा, इंजिन सुरू करू नका. एसआरएसचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल तर बहुधा कोणीतरी बल्ब काढलाय किंवा दुसऱ्या दिव्याला जोडलाय. जुन्या गाड्यांच्या बाजारात ही युक्ती नवी नाही.

इथे आणखी एक फरक लक्षात ठेवा. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने १७,३६२ गाड्या एअरबॅगच्या कंट्रोलरसाठी बोलावल्या होत्या. तिथे भीती होती एअरबॅग न उघडण्याची. ताकाताच्या बाबतीत एअरबॅग उघडते, पण डबी फोडून. दोन्हींना लोक ‘एअरबॅग रिकॉल’च म्हणतात आणि एकाचा सल्ला दुसऱ्याला चिकटवतात. तुमच्या पत्रात ‘इन्फ्लेटर’ लिहिलंय की ‘कंट्रोलर’, ते आधी वाचा.

“पार्ट नाही, आल्यावर फोन करतो”

हा फोन सहसा येत नाही. म्हणून तिथून निघण्यापूर्वी जॉब कार्ड उघडून घ्या. ‘एअरबॅग इन्फ्लेटर रिकॉल, पार्ट प्रतीक्षेत’ असं त्यावर लिहिलेलं असावं, खाली तारीख आणि सही. कागद नसेल तर पुढे तक्रार करायला तुमच्या हातात काहीच राहत नाही.

देशातलं त्या कंपनीचं कोणतंही अधिकृत सर्व्हिस सेंटर हे काम करू शकतं. गाडी जिथून घेतली तिथेच जायला हवं असं नाही. कणकवली-सावंतवाडीकडच्या माणसाला गोवा किंवा कोल्हापूर जवळ पडत असेल तर तिथे फोन करून आधी पार्ट आरक्षित करा आणि मगच निघा. शनिवारी जाऊ नका, त्या दिवशी वर्कशॉप पॅक असतं.

काही ठिकाणी “आधी पेड सर्व्हिस करा, मग रिकॉल घेतो” अशी अट घालतात. रिकॉलला अशी कोणतीही अट नसते. शांतपणे सांगा, “आज फक्त रिकॉल. बाकीचं एस्टिमेट द्या, विचार करून कळवतो.” अडून बसले तर वर्कशॉप मॅनेजरशी बोला, आणि तिथूनच कंपनीला ईमेल करा. मजकूर लांबलचक नको, एवढा पुरे:

“माझ्या गाडीचा चॅसी नंबर अमुक. नोंदणी क्रमांक तमुक. आपल्या वेबसाइटवर या गाडीसाठी एअरबॅग इन्फ्लेटरचा रिकॉल बाकी दिसतो (स्क्रीनशॉट जोडला आहे). अमुक तारखेला अमुक सर्व्हिस सेंटरला गाडी नेली असता पार्ट उपलब्ध नसल्याचं सांगण्यात आलं (जॉब कार्ड जोडलं आहे). ड्रायव्हर आणि पॅसेंजर अशा दोन्ही बाजूंची स्थिती, पार्ट मिळण्याची तारीख, आणि तोपर्यंत गाडी चालवणं सुरक्षित आहे का, हे लेखी कळवावं.”

त्यातला शेवटचा प्रश्न मुद्दाम घातलेला आहे. ‘चालवा, काही होत नाही’ हे वाक्य फोनवर कोणीही बोलतो, लेखी द्यायला कोणी तयार नसतो. हा प्रश्न आला की फाइल वरच्या टेबलावर जाते. त्यानेही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं आणि सरकारला रिकॉलचा आदेश काढायचा अधिकार मिळाला. एप्रिल २०२१ पासून लागू झालेले नियम मात्र सात वर्षांच्या आतल्या गाड्यांचा विचार करतात. ज्या दोषाला पिकायलाच अनेकदा दहा-बारा वर्षं लागतात, त्याच्यापुढे ही सात वर्षांची मर्यादा मला तरी अगदी तोकडी वाटते. पण “तुमची गाडी जुनी, नियमात बसत नाही” असं काउंटरवर कोणी ऐकवलं तर गप्प बसू नका. वर दिलेल्या मोहिमा कंपन्यांनी स्वतःहून जाहीर केलेल्या आहेत. या सात वर्षांशी त्यांचा संबंध नाही.

पार्ट येईपर्यंत

कंपनीने ‘गाडी चालवू नका’ असं स्पष्ट कळवलं असेल तर चालवू नका. गाडी उचलून न्यायला सांगा. तसं कळवलं नसेल तर गाडी कमी वापरा. पॅसेंजर साइड बाकी असेल तर डावी सीट रिकामी ठेवा, माणसं मागे बसवा. ड्रायव्हर साइड बाकी असेल तर घरातल्या दुसऱ्या गाडीने भागवा. छाती आणि स्टीअरिंगमध्ये किमान २५ सेंटिमीटर अंतर एरवीही असायलाच हवं, पण सदोष इन्फ्लेटरपासून ते तुम्हाला वाचवेल असं धरू नका.

फ्यूज काढून एअरबॅग बंद करायचा सल्ला मिळेल. ऐकू नका. त्याच सर्किटवर सीटबेल्ट ताणणारी यंत्रणाही असते, शिवाय जी एअरबॅग चांगली आहे तीही बंद पडते. स्टीअरिंग स्वतः उघडणं तर सोडूनच द्या.

काम करून घेताना आणि झाल्यावर

काम फार वेळाचं नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढतात, साठलेला करंट उतरायला काही मिनिटं थांबतात, मग स्टीअरिंगमागचे स्क्रू काढून मॉड्यूल बाहेर येतं. पॅसेंजर साइडला ग्लोव्ह बॉक्स उतरवावा लागतो. अर्धा दिवस हाताशी ठेवा, गर्दी धरून.

बॅटरी काढल्यावर बऱ्याच होंडांचा म्युझिक सिस्टीम कोड मागतो. तो कोड गाडी घेताना मिळालेल्या छोट्या कार्डावर असतो, मॅन्युअलच्या पाकिटात. जाण्यापूर्वी तो शोधून ठेवा, नाहीतर घरी येताना रेडिओ मुका आणि त्यापायी परत एक चक्कर.

एरवी आपण “जुना पार्ट डिकीत टाका” म्हणतो, आणि तेच बरोबर. इथे मात्र तसं म्हणू नका. काढलेला इन्फ्लेटर जिवंत स्फोटकच आहे, तो कंपनीकडे परत जायला हवा. हवा तर जुन्या-नव्या दोन्हींच्या लेबलचा फोटो घ्या.

गाडी ताब्यात घेताना वर्कशॉपच्या गेटच्या आतच हे बघा: चावी ऑन केल्यावर दिवा लागून विझतो, हॉर्न वाजतो, स्टीअरिंगवरची बटणं चालतात, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवल्यावर कुठून करकर येत नाही, ग्लोव्ह बॉक्स नीट बसतो. हॉर्न बंद किंवा दिवा चालू असेल तर आतला कनेक्टर नीट बसलेला नाही, गाडी परत आत घ्यायला लावा. आणि जॉब कार्डावर ‘रिकॉल केला’ एवढंच नको. ड्रायव्हर की पॅसेंजर, नव्या पार्टचा नंबर आणि तारीख लिहून घ्या. काही दिवसांनी वेबसाइटवर चॅसी नंबर पुन्हा टाकून बघा.

अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि इतरत्र असलेल्यांसाठी

अमेरिकेत शिकायला गेलेली आपली मुलं पहिली गाडी घेतात ती बहुतेक वेळा जुनी सिव्हिक किंवा अकॉर्ड. यात २००१ ते २००३ ची काही मॉडेलं सर्वांत धोक्याची आहेत. त्यांतले इन्फ्लेटर धडकेत फुटण्याची शक्यता ५० टक्क्यांपर्यंत असल्याचं तिथल्या सुरक्षा खात्याने २०१६ मध्ये जाहीर केलं आणि त्या गाड्या चालवूच नका असं सांगितलं. भाड्याने गाड्या देणाऱ्या मोठ्या कंपन्यांना रिकॉल बाकी असलेली गाडी देता येत नाही, पण जुन्या गाड्या विकणाऱ्यावर केंद्रीय कायद्याची तशी बंदी नाही. म्हणून पैसे देण्याआधी व्हीआयएन सुरक्षा खात्याच्या साइटवर टाकायचा. दोन मिनिटांचं काम आहे आणि दुरुस्ती तिथेही फुकट आहे.

ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये सरकारने हा रिकॉल सक्तीचा केला, ३० लाखांहून जास्त गाड्या त्यात होत्या. तिथे जुनी गाडी घेताना विक्रेत्याकडे काम झाल्याचा पुरावा मागा. ब्रिटनमध्ये सरकारी साइटवर नंबरप्लेट टाकूनही बाकी रिकॉल दिसतो. फ्रान्समध्ये जून २०२५ मधल्या एका मृत्यूनंतर ताकाता असलेल्या गाड्यांबाबतचे ‘चालवू नका’चे आदेश बरेच वाढवले गेले. त्यात सित्रोएन सी३ आणि डीएस३ यांसारख्या गाड्या होत्या. तिकडे कोणाकडे या गाड्या असतील तर हा मजकूर आजच पाठवा.